मैदानी बालशिक्षण

मैदानी बालशिक्षण म्हणजे साधारणतः तीन ते सहा वर्षे वयाच्या बालकांना अंगण, मैदान, शेताचा बांध, ओढ्याचा काठ अशा मोकळ्या जागी मुख्यत्वे खेळातून दिले जाणारे पूर्वप्राथमिक शिक्षण होय. कवायतीच्या तासाहून ही कल्पना भिन्न आहे. येथे माती, पाणी, बिया व पाने हेच शैक्षणिक साहित्य असते आणि खेळ कसा पुढे न्यायचा हे पुष्कळदा मूलच ठरवते.

पार्श्वभूमी

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालकांची बाग असे नाव दिले. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हा विचार महाराष्ट्रात आणला.

बोर्डी व कोसबाड

१९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे (आता पालघर) जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. अंगण झाडणे, मुलांना न्हाऊ घालणे, नखे कापणे येथून दिवसाचा आरंभ होई. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी खडे, शिंपले, पाने व चिकणमाती वापरली जाई. हीच ‘अंगण बालवाडी’. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाल्यावर गुरे राखणाऱ्या मुलांकरिता शिक्षक कुरणात जाऊ लागले. त्या प्रयोगास ‘कुरणशाळा’ म्हणतात. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा यांची ‘विकासवाडी’ एकत्र चालविण्यात आली. मोकळ्या जागेतील शिक्षण येथे हौसेतून आलेले नव्हते. मूल जेथे होते तेथे शाळेला जावे लागले, एवढाच त्याचा उगम.

अंगणवाडी योजना

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. नाव देशभर पोहोचले, अंगण मात्र पुष्कळ ठिकाणी मागे राहिले. एकाच खोलीत आहार, वजन, नोंदवह्या आणि मुले अशी स्थिती अनेक गावांत दिसते. ‘पोरगं नुसतं खेळतंय, लिहीत काहीच नाही’ ही पालकांची तक्रारही जुनीच आहे. वस्तुतः चढणे, उड्या मारणे, वाळू उपसणे, माती मळणे यांतून खांदा, मनगट व बोटे यांवर ताबा येतो. त्याआधी अक्षरे गिरवायला लावल्यास हात दुखतो आणि मन विटते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानून त्यात खेळाधारित शिक्षणावर भर दिला आहे.

नांदेड व लातूर

या जिल्ह्यांत मोकळ्या खेळाला भाषेच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. धर्माबाद, बिलोली, देगलूर परिसरात तेलुगू, उदगीर-निलंगा भागात कन्नड, तर किनवट-माहूरकडे गोंडी, कोलामी व बंजारा बोली घरांत ऐकू येतात. प्रमाण मराठी न उमजणारे मूल फळ्यासमोर मुके होते, पण चिंचोके मोजताना किंवा लपंडाव खेळताना त्याला शब्द आपोआप लागतात. फोडलेल्या चिंचोक्याची पांढरी बाजू किती, तपकिरी किती, हे दान मोजणे म्हणजे अंकगणितच. पोळ्याला मातीचे बैल घडविणे ही उत्तम हस्तकला होय. मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला, म्हणजे ‘येळवशी’ला, लातूर भागात कुटुंबेच्या कुटुंबे शेतात जेवायला जातात. ज्वारी, हरभरा, करडई ही पिके त्या दिवशी मुलांना चित्रात दाखवावी लागत नाहीत.

मर्यादाही आहेत. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून मैदानी खेळ सकाळी लवकर किंवा लिंबाच्या सावलीत घ्यावे लागतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल पायांना चिकटतो आणि विंचूकाट्याची भीती असते. बालशिक्षणाच्या पुस्तकांत पाण्याचे खेळ हमखास सुचविलेले असतात. परंतु एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा खेळ सुचविणे सोपे नाही. अशा वर्षी पाण्याऐवजी धान्य किंवा कोरडी वाळू एका भांड्यातून दुसऱ्यात ओतायला देतात. कमी-जास्त, भरलेले-रिकामे या कल्पना त्यातूनही येतात.