सॉसेजच्या विषाची गोष्ट

कपाळावरच्या आठ्या घालवणारे 'बोटॉक्स' जाहिरातींमुळे आता आपल्या विद्यार्थ्यांनाही ऐकून माहीत असते. त्याचे मूळ मात्र सौंदर्यप्रसाधनांत नाही, खराब झालेल्या मांसात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील वुर्टेम्बर्ग भागात बिघडलेले सॉसेज खाऊन माणसे दगावत. (सॉसेजला लॅटिनमध्ये 'बोट्युलस' म्हणतात, 'बोट्युलिझम' हे नाव त्यावरून पडले.) तेथील डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी (हे गृहस्थ कवीही होते) १८२२ साली या विषबाधेची लक्षणे तपशिलाने प्रसिद्ध केली. पापण्या मिटतात, घास गिळत नाही, तोंड कोरडे पडते, शेवटी श्वास थांबतो; शुद्ध मात्र हरपत नाही. विषाचा अर्क त्यांनी स्वतः घेऊन पाहिला! ते चेतातंतूंचे काम अडवते, म्हणून अत्यल्प मात्रेत औषध ठरू शकेल, हा त्यांचा तर्क खरा ठरायला दीडशे वर्षे जावी लागली.

१८९५ साली बेल्जियममधील एलझेल गावी अंत्यविधीला आलेल्या वादकांनी खारवलेले हॅम खाल्ले, तिघे मेले. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातून जंतू वेगळा केला. तो हवेशिवाय वाढतो, म्हणूनच डबाबंद अन्नात त्याची भीती.

विष करते काय? स्नायूला आकुंचनाचा निरोप ॲसिटिलकोलीन हे रसायन पोचवते. ते चेतातंतूच्या टोकातून बाहेरच पडत नाही, हे १९४९ साली दिसून आले. स्नायू शाबूत असतो, पण हुकूम पोचत नाही. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणात डोळा ओढून धरणारा स्नायू शस्त्रक्रियेविना सैल करायचा होता. माकडांवरील प्रयोग त्यांनी १९७३ साली, तर रुग्णांवरील १९८० साली प्रसिद्ध केले. १९८९ साली अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी मान्यता मिळाली. डोळे निरोगी असून आंधळ्यासारखे जगणाऱ्या या रुग्णांची कथा सुरकुत्यांच्या बोलबाल्यात हरवली, याचे आम्हाला वाईट वाटते.

सुरकुत्यांचा शोध याच उपचारातून लागला. व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन कॅरुथर्स यांच्या रुग्णांच्या भुवयांमधल्या आठ्या नाहीशा होऊ लागल्या. त्यांचे पती त्वचारोगतज्ज्ञ. दोघांचा लेख १९९२ साली आला, अमेरिकेतील मान्यता २००२ साली. पुढे काखेतील अतिघाम आणि जुनाट अर्धशिशी (२०१०) यांचीही भर पडली.

१०० युनिटांच्या कुपीतले विष नॅनोग्रॅममध्ये मोजतात. सुई चुकीच्या जागी गेली तर पापणी लोंबते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, चेतातंतूत शिरलेले नाही. तिथे आठवडे मोजत थांबावे लागते.