माळावरचा सरडा

बीडच्या बालाघाटावरील माळांना आपण ‘पडीक’ म्हणतो. दख्खनच्या अशाच माळांवर गळ्याखालचा पंखा फुलवून मादीला आकर्षित करणारे सरडे राहतात. १८२९ मध्ये क्यूव्हिए यांनी पाँडिचेरीच्या अशा सरड्याला ‘सिताना’ हे नाव दिले; १८७० मध्ये जर्डन यांनी दख्खनचा सरडा वेगळा मानला. २०१६ मध्ये दीपक, वरद गिरी, करंथ प्रभृतींनी शरीररचना व डीएनए तपासून पाच नव्या जाती आणि एक नवी प्रजाती नोंदवली. तिचे नाव मराठीतलेच : ‘सरडा’!

जाती वेगळ्या कशा होतात? वस्त्या दीर्घकाळ दुरावल्या की त्यांच्यातील प्रजनन थांबते, प्रत्येकीत निराळे बदल साठतात. पुढे भेट झाली तरी जोडी जमत नाही, तेव्हा जाती दोन झालेल्या असतात. म्हणून आम्हाला वाटते, माळ नांगरण्यापूर्वी तिथे कोण राहते, हे विद्यार्थ्यांसह पाहावे.