नेमबाजी (हैदराबाद)

नेमबाजी : रायफल, पिस्तूल किंवा शॉटगन यांनी नियत अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याचा, १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून मान्यता पावलेला क्रीडाप्रकार. रायफल व पिस्तूल यांच्या ऑलिंपिक स्पर्धा १०, २५ व ५० मीटरांवर, तर शॉटगनच्या ट्रॅप व स्कीट या स्पर्धा यंत्राने हवेत फेकलेल्या ठिसूळ तबकड्यांवर होतात.

तंत्र : दहा मीटर एअर रायफलमध्ये छर्रा ४.५ मिलिमीटर व्यासाचा, तर दहा गुणांचा मध्यबिंदू अवघा अर्धा मिलिमीटर असतो. अंगात ताठ जाकीट, डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकलेला आणि श्वास अर्धा सोडून रोखलेला, अशा स्थितीत नेमबाज चाप हिसका न देता दाबतो. हीच निश्चलता साठ फैरींपर्यंत टिकविणे, हे या खेळाचे खरे मर्म होय.

संघटन : १९५१ मध्ये भारतीय राष्ट्रीय रायफल संघाची स्थापना होऊन लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर हे त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाची स्पर्धा राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता-पायरी ठरली आहे.

हैदराबाद : निजामाच्या अमदानीत बंदूक ही प्रामुख्याने अमीर-उमराव व जहागीरदारांच्या शिकारीची शोभा होती, त्याच शहरात आज विद्यापीठ परिसरातील रेंजवर शाळकरी मुलेमुली सराव करतात. येथेच वाढलेल्या गगन नारंग यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ७०१.१ गुणांसह एअर रायफलचे कांस्यपदक मिळविले. तत्पूर्वी २०११ मध्ये त्यांनी पुण्यात 'गन फॉर ग्लोरी' ही प्रशिक्षणसंस्था उभारली होती. शहरातील ईशा सिंग हिने २०१८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, महिलांच्या एअर पिस्तुलाचे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले आणि २०२३ मध्ये झालेल्या हांगझो आशियाई क्रीडास्पर्धांत एक सुवर्ण व तीन रौप्यपदके मिळविली. ट्रॅपपटू कायनान चेनाई हेही हैदराबादचेच.

परवाना व प्रारंभ : १९५९ च्या शस्त्र अधिनियमान्वये बंदुकीस सरकारी परवाना लागतो, मात्र २०१६ च्या नियमांनुसार ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीस त्यातून सूट आहे. म्हणूनच होतकरू खेळाडूने एअर रायफल अथवा एअर पिस्तुलापासून, जाणत्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आरंभ करावा आणि नळी सदैव लक्ष्याच्या दिशेनेच ठेवावी. हा शिरस्ता पाळणाराच पुढे पदकास पात्र ठरतो.