४४३ नाबाद : एका अपुऱ्या आकड्याचे वाचन

परभणी जिल्ह्यात सरकारी आकड्याचे खरे वजन कळते ते पैसेवारीच्या दिवसांत. गावच्या शिवारातले मोजके तुकडे निवडायचे, त्यांतले पीक कापायचे, तोलायचे आणि त्यावरून सबंध गावाच्या पिकाचा अंदाज बांधायचा, ही रीत इथल्या शेतकऱ्याला चांगली ठाऊक आहे. हा आकडा पन्नास पैशांच्या वर राहिला की खाली उतरला, यावर गावाला दुष्काळी म्हणायचे की नाही हे दीर्घकाळ ठरत आले. म्हणूनच आकडा जाहीर झाला की गावात पहिले प्रश्न उमटतात : कोणते तुकडे निवडले? कापणी कधी केली? मोजायचे काय राहून गेले? संख्याशास्त्राचे पहिले तीन धडे या प्रश्नांत सामावले आहेत, असे आम्हांस वाटते.

क्रिकेटच्या आकड्यांना मात्र हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. सरासरी दशांशचिन्हापुढे दोन अंकांपर्यंत सांगितली की वाद मिटला, असा आपला समज असतो. साहित्याच्या अभ्यासकाने धावफलकाकडेही एक संहिता म्हणून पाहावे आणि तिच्यातील विरामचिन्हांचा अर्थ लावावा, हा या लेखाचा आग्रह आहे. त्यासाठी आम्ही मराठी मुलखातील एकच आकडा निवडला आहे : ४४३, आणि त्याच्या डोक्यावरची चांदणी.

डिसेंबर १९४८. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राची गाठ काठियावाडशी पडली होती. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ धावा केल्या. कमल भांडारकरांनी २०५ धावा काढल्या. त्यांच्या आणि भाऊसाहेब निंबाळकरांच्या भागीदारीने ४५५ धावांची भर घातली. कोल्हापूरचे निंबाळकर ४९४ मिनिटे खेळले. त्यांच्या खेळीत ४९ चौकार आणि एक षटकार होता. विश्रांतीसाठी खेळ थांबला तेव्हा ते ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा १९३० सालचा नाबाद ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठायला नऊ धावा हव्या होत्या, तो मोडायला दहा. पण काठियावाडचा संघ मैदानावर परतलाच नाही. अशा विक्रमाशी आपल्या संघाचे नाव जोडले जाऊ नये, अशी त्यांच्या कर्णधाराची भावना होती, असे सांगतात. सामना सोडून देण्यात आला. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाची सर्वोच्च खेळी आजही तीच आहे. आणि निंबाळकर एकही कसोटी सामना खेळले नाहीत.

या घटनेवर आजवर हळहळच अधिक झाली आहे. हळहळीच्या पुढे जाऊन काही म्हणता येईल का? संख्याशास्त्राच्या भाषेत ‘४४३ नाबाद’ हे एक तोडलेले निरीक्षण आहे. रुग्ण किती वर्षे जगला हे पाहणाऱ्या अभ्यासात एखादा रुग्ण मध्येच गाव सोडून गेला, तर त्याच्याविषयी ‘निदान इतकी वर्षे’ एवढेच म्हणता येते. नाबाद खेळीही ‘निदान इतक्या धावा’ एवढेच सांगते. क्रिकेटच्या सरासरीने हा पेच आपल्या परीने सोडवला आहे : धावा सगळ्या मोजायच्या, पण भागायचे ते बाद होण्याच्या संख्येने. निंबाळकरांच्या प्रथमश्रेणीतील एकूण धावा ४८४१ आणि सरासरी ४७.९३. भागाकार उलटा केला की ते १०१ वेळा बाद झाले असे दिसते. त्या एका खेळीच्या धावा वजा केल्या तर ४३९८ उरतात, भाजक तोच राहतो आणि सरासरी ४३.५४ होते. म्हणजे एकाच खेळीने सबंध कारकिर्दीच्या सरासरीत चारांहून अधिक धावांची भर घातली.

या सरासरीमागे एक गृहीतक दडले आहे, आणि त्याची तपासणी या सामन्याच्या तीनच वर्षे आधी झाली होती. १९४५ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी. एच. वुड आणि विल्यम एल्डर्टन यांचे क्रिकेटच्या धावसंख्यांवरील निबंध प्रसिद्ध झाले. फलंदाजाच्या धावसंख्या भूमितिश्रेढीला अनुसरतात का, हा त्यांतला एक प्रश्न होता. त्याचा आशय साध्या शब्दांत असा मांडता येईल : प्रत्येक नव्या धावेच्या उंबरठ्यावर फलंदाज एक नाणे उडवतो. ते नाणे बरेचसे त्याच्या बाजूने झुकलेले असते, पण शून्यावर असताना जेवढे झुकलेले, तेवढेच शतकानंतरही. नाण्याला मागचे काही आठवत नाही.

हे गृहीतक क्षणभर मान्य करू, आणि ती खेळी वगळून आलेली ४३.५४ ही सरासरी आधाराला घेऊ. अशा फलंदाजाने एखाद्या डावात ४४३ गाठण्याची शक्यता सुमारे तेवीस हजारांत एक निघते. सरासरी ४७.९३ धरली तर ती नऊ हजारांत एकाच्या आसपास येते. सरासरीतल्या एवढ्याशा फरकाने शक्यता दुपटीहून अधिक बदलते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आता दुसरा प्रश्न : ४४३ झाल्याच आहेत, तर आणखी दहा धावा होण्याची शक्यता किती? उत्तर येते सुमारे ऐंशी टक्के. म्हणजे विश्रांतीनंतर खेळ चालू राहिला असता तर पाचांपैकी चार वेळा ब्रॅडमनचा विक्रम मोडला असता. एक वेळ निंबाळकर त्याआधीच बाद झाले असते. ‘विक्रम झालाच होता’ असे म्हणणाऱ्यांना या हिशेबातला पाचवा भाग दिसत नाही, आणि ‘झाला नाही तो नाहीच’ म्हणणाऱ्यांना उरलेले चार.

खंडित डाव संभाव्यतेने पुरा करण्यात वावगे काही नाही. १ जानेवारी १९९७ रोजी हरारे येथे झिम्बाब्वे आणि इंग्लंड यांच्यातील एकदिवसीय सामन्यात डकवर्थ-लुईस पद्धत प्रथम वापरली गेली, तेव्हापासून पाऊस पडला की खेळ हाच मार्ग धरतो. केरळचे अभियंते व्ही. जयदेवन यांनीही त्याच प्रश्नाचे स्वतःचे उत्तर मांडले.

पण गृहीतकही तपासायला हवे. डावाच्या आरंभी फलंदाज अधिक कच्चा असतो आणि नजर बसल्यावर सावरतो, हा अनुभव आहे; नंतरच्या अभ्यासांतही शून्यांची संख्या भूमितिश्रेढीच्या अपेक्षेहून अधिक आढळली. तसे असेल तर ऐंशी टक्के हा अंदाज थोडा कमीच ठरेल. आठ तासांचा थकवा मोजला तर उलटा. शिवाय काळाचा प्रश्न आहे. त्याच हंगामात पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील रणजी सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या : ६५१, ४०७, ७१४ आणि ६०४. धावांचा असा पूर ज्या हंगामात वाहत होता, त्या हंगामातील ४४३ धावांची किंमत त्या पुराच्या पातळीवरूनच ठरवावी लागेल. निंबाळकरांचे मोठेपण याने उणावत नाही; त्यांच्या खेळीचा संदर्भ मात्र पुरा होतो.

याहून गंभीर मर्यादा सरासरीच्याच पोटात आहे. धावसंख्या भूमितिश्रेढीसारख्या वागत असतील तर त्यांचे विचलन साधारण सरासरीएवढेच असते. १०१ वेळा बाद झालेल्या फलंदाजाच्या ४७.९३ या सरासरीत त्यामुळे जवळपास पाच धावांची प्रमाण-त्रुटी राहते. याचा अर्थ, त्याची ‘खरी’ योग्यता अडतीस ते सत्तावन्न यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. सबंध कारकीर्द हाताशी असूनही चव्वेचाळीसचा फलंदाज आणि पन्नासचा फलंदाज यांत आकडा खात्रीने निवड करू शकत नाही. ब्रॅडमनची गोष्ट निराळी. ७० वेळा बाद, ६९९६ धावा, ९९.९४ सरासरी : त्रुटी बारा धावांची धरली तरी ते इतरांच्या गर्दीत मिसळत नाहीत. आकडा असामान्याला ओळखतो. उत्तम आणि अत्युत्तम यांच्यामध्ये तो अडखळतो. तेथे माणसाची नजर, ओळख आणि आवडनिवड निर्णय करते. निंबाळकरांची ती खेळी झाली तेव्हा वेस्ट इंडिजचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता आणि मालिकेतील तीन कसोट्या व्हायच्या होत्या. निवड झाली नाही. ती अन्यायाची होती असे आकड्यांवरून सिद्ध करता येत नाही. पण ‘आकडे पाहूनच नाकारले’ असा दावा कोणी केला, तर तोही टिकणार नाही.

एका खेळीवरून योग्यता ठरत नाही, हे परभणीला वेगळे सांगायला नको. ‘परभणी क्रांती’ भेंडी किंवा ‘परभणी मोती’ ज्वारी एखादा तुकडा जोमदार आला म्हणून वाण ठरत नाही. अनेक वाफे, अनेक हंगाम आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या चाचण्या त्यामागे असाव्या लागतात. पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी लिहिलेला कृषिसंख्याशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९५४ साली निघाला आणि कृषी शिक्षणात दीर्घकाळ वापरला गेला. त्याची शिकवणही हीच.

याच शिकवणीचा एक कटू भाग परभणीच्याच वाट्याला येतो. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात ४४३ धावा होत होत्या तेव्हा परभणी हैदराबाद राज्यात होती; निजामाची राजवट संपून जेमतेम तीन महिने झाले होते. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळी झाली. कोणत्या जिल्ह्याने किती खेळाडू दिले असा तक्ता करायचा तर भाजकच जागा बदलत राहतो. आणि जिथे गवताळ मैदान नव्हते, धावा लिहून ठेवणारा कोणी नव्हता, तिथल्या फलंदाजाची सरासरी शून्य नसते, ती नसतेच. जत्रेतल्या कबड्डीत किती चढाया यशस्वी झाल्या हे कोणी टिपले नाही. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि एकेक चढाई मोजली जाऊ लागली. न मोजलेल्याला आपण न घडलेले समजतो, ही आकड्यांच्या वाचकाची सर्वांत जुनी चूक आहे.

निंबाळकरांच्या आकड्यावर निदान एक चांदणी आहे. येथे खेळ थांबवला गेला, असे ती प्रत्येक वाचकाला सांगते. ११ डिसेंबर २०१२ रोजी, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी व्हायला एक दिवस उरला असताना, भाऊसाहेब कोल्हापुरात निवर्तले. त्यांच्या खेळीचा पुढला भाग संभाव्यतेने का होईना लिहिता येतो, कारण मागला भाग कोणीतरी नेटकेपणाने लिहून ठेवला होता. ज्यांच्या नावापुढे आकडाही नाही आणि चांदणीही नाही, त्यांच्यासाठी संख्याशास्त्र एवढेच करू शकते : तक्त्यात त्यांची ओळ रिकामी आहे हे दाखवणे, आणि ती शून्याने भरू न देणे.