तिसऱ्या साच्यापासून पवईपर्यंत: इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगची मुंबईतली कुळकथा

पवईला विहार तलावाकाठी १९६३ साली ‘नीटी’ उभी राहिली. २०२३मध्ये तिची आयआयएम मुंबई झाली. इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठी केंद्र सरकारने मुद्दाम काढलेली ही संस्था. या विद्येची वंशावळ टेलरचे स्टॉपवॉच, गिलब्रेथ दांपत्याचा हालचालींचा अभ्यास, पेनसिल्व्हेनियातला १९०८चा अभ्यासक्रम अशी अमेरिकेतून सांगतात, आणि ती खरीच आहे. पण नीटीच्या पाठीशी उभी होती आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, म्हणजे आयएलओ. कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने कामाची मोजमापे घेणाऱ्यांच्या शाळेला हात का द्यावा? उत्तर गिरणगावात आहे, असे माझे ठाम मत आहे.

१९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्या संपाने बंद होत्या. कारणे अनेक होती, पण मुळाशी मालकांची ‘एफिशियन्सी’ योजना होती: दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या विणकराने तीन चालवावेत. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबतो आणि विणकर तो सांधतो. सूत कच्चे असेल तर धागे सारखे तुटतात, आणि तिसरा साचा मिळालेला माणूस नुसता धावत राहतो. म्हणजे किती साचे द्यायचे हे माणसाच्या उरकापेक्षा धागे किती वेळा तुटतात यावर ठरते. ते मोजायचे कुणी? मालकाच्या माणसाने मोजले तर कामगार मानणार नाही. यावरची एक नामी तोड १९३०च्या दशकात टिपेट या संख्याशास्त्रज्ञाने काढली, तीही इंग्लंडच्या कापडधंद्यातच. विणकराच्या डोक्यावर घड्याळ घेऊन उभे राहायचे नाही. अवचित वेळी साचेखात्यातून फेरी मारायची आणि प्रत्येक साचा त्या क्षणी चालू की बंद, बंद असेल तर कशापायी, एवढेच टिपायचे. हजार नोंदींत दोनशे ‘बंद’ निघाल्या तर पाचवा हिस्सा वेळ साचे उभे. आज ‘वर्क सॅम्पलिंग’ म्हणून शिकवतात ते हेच.

स्वातंत्र्यानंतर आयएलओचे तज्ज्ञ उत्पादकता वाढवून दाखवायला आले, ते अहमदाबाद-मुंबईच्या गिरण्यांत शिरले. १९५४मध्ये बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. तिचा पत्ता आज घाटकोपर. पण माझ्या लेखी कळीचा दुवा १९५७चा. त्या वर्षीच्या पंधराव्या इंडियन लेबर कॉन्फरन्सने रॅशनलायझेशनला, म्हणजे कमी माणसांत जास्त काम काढण्याच्या अशा योजनांना, अटी घातल्या: असलेल्या कामगारांची कपात नको, लाभाची वाटणी न्याय्य हवी, आणि कामाचा बोजा दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या तज्ज्ञांनी ठरवावा. ही शेवटची अट १९२८च्या भांडणाचेच उत्तर आहे. असे तज्ज्ञ आणायचे कुठून? सहा वर्षांनी पवईत शाळा निघाली.

यावर आक्षेप येतील. खरगपूरच्या आयआयटीत हा विषय आधीपासून होता, मान्य. पंचवार्षिक योजनांतल्या पोलाद कारखान्यांनाच असे इंजिनिअर हवे होते, हा प्रतिपक्ष त्याहून बळकट. पण नुसती पोलादाची गरज असती तर शाळा भिलाई-रुरकेल्याजवळ शोभली असती. शेजारी आयआयटी होती म्हणून पवई, असे म्हणावे, तर त्याने जागा समजते, आयएलओ समजत नाही. आयएलओ इतर देशांतही व्यवस्थापन-प्रशिक्षण देत होती, हे खरे. भारतात मात्र तिने सुरुवातीलाच गिरणीचा उंबरा ओलांडला होता. संपापासून शाळेपर्यंतची साखळी मी अनुमानाने जोडतो आहे, पण तिची एकेक कडी पक्की आहे.

आज ही विद्या शिकलेले विद्यार्थी कारखान्यात लाइन बॅलन्सिंग करतात, सप्लाय चेन आखतात, सल्लागार कंपन्यांत जातात, भिवंडीच्या गोदामात माल उचलण्याचा दर ठरवतात. त्या दराविषयी गोदामातल्या कामगाराची तक्रार तिसऱ्या साच्याचीच आहे. म्हणून १९५७च्या त्या तीन अटी अभ्यासक्रमात पहिल्याच सत्रात, वर्क सॅम्पलिंगच्याही आधी, शिकवायला हव्यात.