सानगडीचा मांडव कुणाच्या जिवावर उभा राहिला?

धान मळून घरात आलं, लाखोरी निघाली, होळी पेटली की झाडीपट्टीतलं घर हळूहळू अंगणात यायला लागतं. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं सानगडी हे असंच धानाच्या पट्ट्यातलं गाव; जुन्या किल्ल्याच्या अवशेषांच्या सोबतीचं, तलावाच्या काठचं. इथे उन्हाळ्यात अंगण ही घराची सर्वांत मोठी खोली असते, आणि पिढ्यान् पिढ्या ती मांडव घालून दरवर्षी नव्याने उभारली गेली.

ऊन इथे चेष्टेचं नाही. याच पूर्व विदर्भात २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. सूर्य रोहिणीत शिरला की नवतपा सुरू होतो, आणि त्या नऊ दिवसांचं भय अजूनही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात असतं.

त्या उन्हाशी जुन्या घराने घड्याळ लावून जमवून घेतलं होतं. जाड मातीच्या भिंती आणि वर कवेलू. भिंती दिवसभर ऊन पीत राहतात, म्हणून भर दुपारी आतली काळोखी खोली थंड लागते. पण तेच साठवलेलं ऊन भिंती रात्री आत ओकतात. त्यामुळे माणसं दिवसाच्या प्रहरांनुसार जागा बदलत: दुपारी आत, उन्हं कलली की छपरीत, संध्याकाळी मांडवाखाली. निजायला मात्र मांडवही नको. निरभ्र आभाळाखाली उघडी जमीन आपली उष्णता भराभर सोडते, आणि वर फांद्यांचं छत असलं की ते ही वाट अडवतं. म्हणून रात्री बाजा मांडवाबाहेर ओढल्या जात. हे शास्त्र कुणी पुस्तकातून शिकलेलं नव्हतं, अंगाला कळलेलं होतं.

मांडवाचा मोठा सोहळा लग्नाचा. धानाच्या दोन हंगामांमधली फुरसत उन्हाळ्यात, म्हणून लग्नंही उन्हाळ्यात. मांडवडहाळ्यांच्या दिवशी बैलगाड्या जंगलाकडे निघायच्या आणि जांभळाच्या हिरव्या फांद्यांनी भरून परतायच्या. जांभळाचं पान दाट आणि जाड, त्याची सावली गर्द पडते. वऱ्हाड परत गेलं, तरी सावली मागे राहायची.

मग त्याच सावलीत घराची कामं चालत. सडा शिंपून सारवलेल्या जमिनीवर मोहफुलं वाळत, बाजेवर तांदळाचे पापड आणि शेवया पसरत. मे महिन्यात तेंदूपानं तोडून आणली की घरातली लहानथोर माणसं मिळून त्यांचे पुडे बांधत. कोपऱ्यात ओल्या वाळूवर माठ. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने नवी घागर भरली जाते, म्हणजे कुंभाराच्या हातची नवी भांडीही याच दिवसांत घरात येत. आल्यागेल्याला आधी पाणी, मग चौकशी.

आता हे सारं सामान कुठून येई ते पाहू, कारण इतिहासाचा खरा धागा तिथेच आहे. बल्ल्या आणि फांद्या जंगलातून, बांबूचे तट्टे बुरडाकडून, तणस, म्हणजे धानाचा पेंढा, बांधीतून. आणि संध्याकाळी अंगाला लागणारा गारवा तलावावरून. १९०८ च्या भंडारा गॅझेटियरमध्ये या जिल्ह्यातल्या तलावांची आणि ते बांधणाऱ्या कोहळी समाजाची दखल आहे. नवेगावबांधच्या विशाल तलावाचं श्रेय लोकपरंपरा कोलू पाटील कोहळींना देते. इंग्रजी अमलात मालगुजार गावाचे धनी झाले, तरी जळण, बांबू, चराई यांवरचा गावकऱ्यांचा वहिवाटीचा हक्क 'निस्तार' म्हणून मानला गेला. अंगणातला मांडव या निस्तारावर उभा होता. घर एकट्याचं, सावली मात्र गावाच्या सामाईक धनातली.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तलाव सरकारजमा झाले आणि 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. अनेक ठिकाणी ते गाळाने उथळ झाले. जंगलावरचे निर्बंध वाढत गेले: नागझिरा १९७० साली अभयारण्य, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. वाघ वाचायलाच हवा, यात शंका नाही. पण फांदीसाठी गाडी जुंपण्याची रीत अशाच बदलांत मागे पडली, हेही नोंदवायला हवं.

आज सिमेंटच्या घरापुढे फरशी आणि लोखंडी पत्रा येतो. पत्रा दुपारी तापतो आणि खाली झळ सोडतो. त्यापेक्षा हिरवी जाळी बरी, कारण तिच्यातून वारा खेळतो. आत कूलर घरघरतो. पण ज्याला अंगण पुन्हा बसतं करायचं आहे, त्याच्यासाठी बांबू पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे: २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपजात आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर लावलेला बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' उरला नाही. घरामागच्या सांदवाडीत एक बेट लावलं तर काही वर्षांत मांडवापुरत्या बल्ल्या घरच्या मिळतात. तणस तर अजूनही दर हंगामाला बांधीत पडतेच. पश्चिमेची बाजू तट्ट्याने झाका, पूर्व मोकळी ठेवा, जमीन मातीचीच राहू द्या आणि संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडा.