कावळा, मुंजा आणि अकाली गेलेली पोरं

नाशिकला रामकुंडाच्या काठावर दहाव्याचे विधी चालतात. भाताचा पिंड ठेवला जातो, घरची माणसं चार पावलं मागं सरतात आणि कावळ्याची वाट पाहू लागतात. कावळा चटकन शिवला, तर गेलेलं माणूस तृप्त होऊन गेलं. तो नुसताच घिरट्या घालू लागला की कुजबुज सुरू होते, कशात जीव अडकला असेल? मग घरातलं कुणी वडीलधारं पुढं होतं, हात जोडून म्हणतं, "धाकटीचं लग्न आम्ही करून देऊ, काळजी करू नका." तरीही कावळा आला नाहीच, तर दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववतात.

एप्रिल ते जून 2010 या काळात जपानी दूरचित्रवाणीवर अशाच अडकलेल्या जिवांची 'एंजल बीट्स' ही 13 भागांची अ‍ॅनिमे मालिका आली. जुन माएदा यांनी लिहिलेल्या या मालिकेत मेलेली मुलं एका शाळेत जागी होतात. गणवेश आहे, तास आहेत, परीक्षा आहेत, उपाहारगृह आहे. ही सगळी मुलं जगण्यात मोठा अन्याय सोसून आलेली आहेत. शाळेत शहाण्यासारखं वागलं, मनातली सल निघाली, की मूल तिथून नाहीसं होतं. म्हणून युरी नावाची मुलगी टोळी जमवते, तास बुडवते, देवाशीच युद्ध पुकारते.

तिच्या टोळीतली युई लहानपणी अपघातात सापडून अंथरुणाला खिळलेली होती. मेल्यावर तिला कुस्तीचा डाव टाकायचा असतो, बेसबॉलचा चेंडू मैदानाबाहेर मारायचा असतो. एकेक इच्छा ती करून पाहते आणि शेवटी विचारते, माझ्यासारखीशी लग्न कोण करणार? हिनाता नावाचा मुलगा पुढं येऊन म्हणतो, मी करीन. मग त्या दोघांचा संसार कसा असता, हे तो तिला सांगत राहतो. युई नाहीशी होते. रामकुंडावर एकदा तरी उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला हा प्रसंग परका वाटणार नाही. तिथं पिंडापुढं हात जोडणारा माणूस हेच करत असतो.

मरणोत्तर अडकलेला विद्यार्थी मराठी मुलखातही जुनाच आहे. त्याचं नाव मुंजा. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत जो ब्राह्मण मुलगा गेला, तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो अशी समजूत. मुंजीनं शिकण्याचा काळ सुरू होतो, सोडमुंजीनं तो संपतो आणि लग्नाची वाट मोकळी होते. मुंजा त्या दोहोंच्या मध्येच राहिलेला. 2024 साली आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटानं हा पोरगा देशभर पोचवला. तिथंही त्याचा हट्ट लग्नाचाच आहे.

नाशिकचं आणि अशा अकाली मरणांचं नातं पेशवाईत ठळक दिसतं. 1696 साली बांधलेल्या रामकुंडाची पुढं दुरुस्ती करणाऱ्यांत गोपिकाबाईंचं नाव येतं. नानासाहेब पेशव्यांच्या या पत्नीनं उत्तर आयुष्य नाशिकजवळ गंगापुरात काढलं. थोरला मुलगा विश्वासराव 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर पडला तेव्हा अठराएक वर्षांचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब गेले. माधवराव 1772 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी क्षयानं गेले. पुढच्याच वर्षी, 30 ऑगस्टला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. त्यांचं वयही अठराच होतं. तिन्ही मुलगे आईच्या हयातीत संपले, आणि ज्या काठावर लोक आपापल्या मृतांना निरोप देतात, तो काठ तिनं नीट करून घेतला.

नाशिकहून जेमतेम तीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. तिथलं आजचं मंदिर नानासाहेबांच्याच काळात उभं राहू लागलं. अपघात, खून, आत्महत्या अशा मरणांसाठी तिथं नारायणबळी करतात. कणकेचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्काराचे विधी होतात. गेलेल्याला जे नीट मिळालं नाही, ते मागे राहिलेल्यांनी पुन्हा करायचं.

जपानी मालिकेहून इथली रीत नेमकी इथं वेगळी पडते. युरी आणि तिचे सोबती आपल्या सलीचा हिशोब मेल्यावर स्वतःच करतात, एकमेकांच्या आधारानं. गोदाकाठी तो भार जिवंतांवर आहे, आणि त्यात मोठी माया आहे. पण गेलेलं पोर चिडलेलं असेल, त्याला शांत व्हायचंच नसेल, ही शक्यता या विधींत कुठं बसत नाही. युरीचं बंड त्या पोराला बोलायला जागा देतं.

नाशिकनं असं बंड खरोखर पाहिलं आहे. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत लक्ष्मण कान्हेरे या विद्यार्थ्यानं जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार केलं. क्रांतिकारक बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी झालेल्या जन्मठेपेचा राग त्यामागं होता. 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे यांना फाशी झाली. कान्हेरे अठराएक वर्षांचा होता. सरकारनं प्रेतं नातेवाइकांच्या हाती दिली नाहीत, अस्थीही नाहीत. त्या ठाण्याच्या खाडीत गेल्या.

जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते. मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती त्यांनी प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून मागवली होती. भुतंखेतं, पितर, मरणोत्तर गती, सगळं त्यात होतं. आर. ई. एन्थोवेन यांनी ती टिपणं जॅक्सन यांच्या मृत्यूनंतर संपादित केली. गुजरातचा खंड 1914 मध्ये निघाला, कोकणचा 1915 मध्ये. कान्हेरेचं जन्मगाव आयनी त्याच कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. अकाली गेलेल्यांविषयी मास्तरांनी लिहून पाठवलेल्या समजुती छापून आल्या, तेव्हा त्या गोळा करणारे अधिकारी आणि त्यांना मारणारा विद्यार्थी, दोघंही अकालीच गेले होते.